हळदीतली लेस

२२ जून

बूट आले! वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी! राखाडी, जाड तळाचे, वर भोकांच्या दोन रांगा आणि त्यात काळी लेस. ऋतुजानं परभणीहून स्वतः आणून दिले. लेक नर्सिंगला आहे, त्यामुळे आई तिला पेशंटच वाटते.

मागच्या आठवड्यात तिनंच मला शुगरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर तळपायाशी काहीतरी करत होते. म्हणाले, 'टाचणी टोचतोय, कळतंय का?' मी म्हटलं, 'टोचा की.' ते म्हणाले, 'टोचली.'

मग हुकूम सुटला – चप्पल बंद. अनवाणी तर घरातसुद्धा नाही. लेसचेच बूट, कारण माझा पाय सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसराच. सुजला की लेस सैल करायची, उतरला की आवळायची. 'काही रुतलं तर तुम्हाला कळणार नाही, बाई. कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.'

ह्यांनी बूट पाहिले. 'पोलिसात लागलीस का?' म्हणाले आणि स्वतःच हसले. ह्यांचा विनोद एकच असतो, तो आठवडाभर पुरवून वापरतात.

२३ जून

पोलिसात लागलीस का – चार वेळा.

२४ जून

मला लेस बांधता येत नव्हती. आमच्या शाळेत बूट होते कुणाला! ऋतुजा व्हिडिओ कॉलवर शिकवायला बसली – हे टोक असं, ते टोक तसं, अगं आई, डावं, डावं! पंधरा मिनिटांनी लक्षात आलं, ही तर सुरगाठ! परकराच्या नाडीला तीस वर्षं मारतेय! फोन ठेवला आणि एका झटक्यात बांधली. विद्या होतीच, फक्त पायापर्यंत उतरली नव्हती.

वाकायला मात्र त्रास होतो. ह्यांना म्हटलं, जरा ओढून द्या. 'म्या? बुटाला हात लावू? पूजा झाली ना माझी!' जसं काही मी पूजेची पळी आमटीला मागितली.

३० जून

रोज सकाळी स्टेशन रोडनं चालून येते. साडी चार बोटं वर, खाली बूट. गंगाखेडात बघायला दुसरं काही उरलेलं नाही असं दिसतं. समोरच्या गंगम्मा ओट्यावरून ओरडल्या, 'परेडला निघालीस का गं शिवरंजनी?' ह्यांचाच विनोद, जरा वळण बदललेला. आमच्या गल्लीत विनोदसुद्धा विरजणासारखा शेजारून मागून आणतात.

पण लेस आवळून चाललं की पाय नीट धरून ठेवल्यासारखा वाटतो. कुणीतरी आपल्याला सांभाळतंय असं वाटतं. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथं लिहिते. बरं वाटतं. लय बरं वाटतं.

४ जुलै

ऋतुजा फोनवर ज्ञान देत होती. कुठंतरी बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्या जोड्यालाही दोरी होती म्हणे. माणूस गेला, दोरी राहिली. आणि लेसच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं ना, त्याला इंग्रजीत स्वतंत्र नाव आहे! आमच्या घरात त्याचं नाव 'कचरा'. सुपलीभर काढलाय मी.

लिहूनच टाकते. वही काही कुठं बोलायला जात नाही.

आमचं दुकान नाडे, करगोटे, रिबिनींचं. तीन वर्षांपूर्वी हे हैदराबादहून पांढऱ्या लेसांचं पोतं घेऊन आले. 'आता समद्या शाळांत बूट होनार. बघत ऱ्हा!' झाले ना बूट. चिकटपट्टीचे! पोतं आलं घरात. मग लोणच्याच्या बरणीला लेस, पडद्याला लेस, शेवग्याच्या शेंगांच्या जुडीला लेस, ह्यांच्या पायजम्यात लेस. पोतं काही सरेना.

श्रावणाच्या तोंडावर ह्यांना साक्षात्कार झाला. आम्हा लिंगायतांत लिंग गळ्यात घालायच्या दोऱ्याला शिवदार म्हणतात, आणि आमच्या गल्लीत श्रावणात घरोघर तो नवा करतात. 'दोरा तो दोराच की!' हे म्हणाले. मी टोपणं कापली, विळीवर, भेंडीसारखी. ह्यांनी लेसा हळदीच्या पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवल्या. दुकानात पाटी लागली – हळदीतले शिवदार. गंगम्मांनी एकदम पाच नेले. तेव्हापासून अर्धी गल्ली बुटाच्या लेसा गळ्यात घालून हात जोडतेय. मीसुद्धा.

ह्यांना सोडून! ह्यांच्या गळ्यातला शिवदार सुती आहे. सोलापूरहून मागवलेला.

१९ जुलै

उंदरानं बुटाच्या लेसा कुरतडल्या. दोन्ही! दुकानात गेले. लेसवाल्याची बायको मी, आणि दुकानात एक लेस नाही. सगळ्या हळदीत. हे म्हणाले, 'गाठ मारून घाल.' गाठ भोकातून जाईना. चालणं बंद. पाय टम्म.

२२ जुलै

शेवटी दुकानातले दोन कोरे शिवदार उचलले. टोपण नसलं की टोक भोकात शिरतच नाही – तेव्हा त्या 'कचऱ्या'ची किंमत कळली! मेणबत्तीचं मेण लावून टोकं वळली आणि ओवली. लेस अखेर माहेरी गेली. राखाडी बुटावर पिवळी लेस छान दिसते, खोटं का बोलू.

३ ऑगस्ट

गंगम्मा चहाला आल्या होत्या. जाताना दारात थबकल्या. बुटांकडे बोट. 'हे काय गं? ह्यो तर शिवदार हाय! लिंगाचा दोरा पायात?'

दहा मिनिटांत ओटा भरला. देवळातले पुजारी अय्यासुद्धा आले. बिचारे एकटे नीट बोलले – 'हरळय्या चांभारानं सोताच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले, आन् बसवण्णांनी ते डोक्यावर घेतले. आपल्यात जोड्याला कुनी कमी मानत न्हाई. जाऊ द्या, माय.'

गंगम्मा म्हणाल्या, 'ते कातडं व्हतं, अय्या. ह्यो शिवदार हाय.' अय्या देवळाकडे वळले.

गंगम्मांनीच निकाल लावला, आणखी दोघीतिघींनी माना हलवल्या. पुढच्या सोमवारी घरून गोदावरीपर्यंत अनवाणी जायचं, नदीवर पाय धुवायचे, महादेवाला बेल वाहून परत यायचं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कॅलेंडरकडे पाहत होते. 'अहो, ती बुटाचीच लेस आहे' – एवढं एक वाक्य! ते ह्यांनी म्हटलं नाही. आणि मीही नाही. टोपणं मीच कापली होती ना.

४ ऑगस्ट

ह्यांना विचारलं, 'डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय?'

'दीड किलोमीटर हाय गं. सकाळची येळ. बघून पाय टाकायचा.'

'आणि खरं सांगितलं तर?'

'मंग गल्लीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? दुकानात कुत्रं फिरकनार न्हाई. तुला समजंना का?'

समजतं की. ह्यांचं तोंड वाचवायचं, तर माझे पाय चालवायचे. सरळ हिशेब आहे. हे सगळं ह्यांना बोलायला पाहिजे होतं. भाकरी थापल्या. वहीत मी वाघीण, ओट्यावर गेले की मांजर.

७ ऑगस्ट

लेसा काढून दिल्या. गंगम्मांनी त्या चिमट्यानं उचलल्या आणि नदीत सोडायला पाठवल्या. चिमट्यानं! गळ्यात तीच लेस, तीच हळद, माझ्याच विळीची!

१० ऑगस्ट

ऋतुजाचा फोन. 'आई, रोज आरशात तळवे बघतेस ना?' बघते म्हटलं. उद्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिल्या एसटीनं आली असती, आणि गंगम्मांचं प्रायश्चित्त गंगम्मांनाच देऊन गेली असती.

मला भीती वाटतेय.

११ ऑगस्ट

चालले. रस्त्याचं काम निघालंय, खडी पसरलेली. पुढे गंगम्मा – पायात चपला. मागे हे – पायात सँडल. मध्ये मी. गंगम्मा दर पन्नास पावलांवर वळून विचारत होत्या, 'दुखायलंय का?' मी म्हणत होते, नाही. खरंच दुखत नव्हतं. बघणाऱ्या बाया म्हणाल्या, केवढी भक्ती!

नदीवर पाय धुतले, बेल वाहिला, घरी आले. हे म्हणाले, 'बघ, झालं का न्हाई? खामखा घाबरत व्हतीस.' मी तसेच मोजे चढवले. पायाकडे पाहिलंही नाही. इतका राग आला होता की नको त्याच्यावर, पायावरच काढला.

१६ ऑगस्ट

मोजा ओला लागला म्हणून काढला. रक्त. डाव्या तळव्यात तारेचा तुकडा, नखाएवढा. पाच दिवस तिथं मुक्कामाला होता, मला कळवलं नाही.

उपटून काढला. ह्यांनी हळद भरली. आमच्या घरात हळदीला तोटा नाही.

१९ ऑगस्ट

ताप. पाय गुडघ्यापर्यंत गरम, बोटं काळी पडलीत. ह्यांनी ऋतुजाला फोन केला. दोन वेळा नंबर चुकला.

२१ ऑगस्ट, परभणी

दवाखाना. ऋतुजा माझ्याशी बोलते, ह्यांच्याशी नाही. हे पलंगाच्या पायथ्याशी बसून असतात. 'पोलिसात' म्हणून किती दिवस झाले!

२३ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, विष वर चढतंय, बोटं काढून भागणार नाही. घोट्याच्या वरून काढावा लागेल. उद्याच. डावा. सही ह्यांनी केली. मी म्हटलं, पाय माझा आहे, मलाही करू द्या. माझी सही जास्त चांगली आली.

दुपारी गंगम्मा आल्या, नारळाचं पाणी घेऊन. पलंगाजवळ बसल्या आणि रडायला लागल्या. रडताना पदर सरकला आणि गळ्यातली पिवळी लेस दिसली. मला हसूच आलं. आता काय राहिलंय लपवायला! म्हटलं, 'गंगम्मा, तुमच्या गळ्यात बुटाची लेस आहे. तीन वर्षांपासून. टोपणं मी कापली.'

त्यांनी डोळे पुसले. 'म्हाईत हाय की.'

'काय?'

'अगं, पयल्याच साली एकाला टोपन तसंच ऱ्हायलं व्हतं. समद्या गल्लीला म्हाईत हाय. पर लय मजबूत हाय बघ, आजून एकबी तुटली न्हाई. तुझ्या बसवंतरावला वाईट वाटंल म्हनून कुनी बोललं न्हाई.'

'मग मला अनवाणी का चालवलं?'

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. चेहऱ्यावर दिसत होतं. लहान मुलीला सांगावं तसं सांगायला लागल्या, 'अगं, शिवदार म्हनून घेतली की शिवदार झाली ती. मंग कशाची का असंना. गळ्यातली चीज पायात कशी घालायची?'

हे दारात उभे होते. औषधाची पिशवी हातात. सगळं ऐकलं. जे झाकायला मला नदीपर्यंत चालवलं, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं! खाली बसले, पिशवीसकट. मला ह्यांची दया यायला पाहिजे होती. आली नाही.

२ सप्टेंबर

ह्यांनी नवी लेस आणली. जोडी, टोपणांसकट. जमिनीवर बसले, पूजा झालेली असताना बूट मांडीवर घेतला आणि उजव्यात एक लेस स्वतः ओवली. एकही भोक चुकलं नाही. दुसरीला आता पाय नव्हता, ती हातातच राहिली.

मी म्हटलं, 'ती तुम्ही गळ्यात घाला.'