डिस्कच्या बदली लाकडं

स्किफ कोव्ह

प्रिय क्लेटन,

तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा कर. आपली ओळख पत्र लिहिण्याइतकी आहे की नाही, हे मला खरोखरच ठाऊक नाही. तुमच्या पडवीत समोरासमोर उभी असताना मी तुझ्याशी कधी दोन वाक्यांपलीकडे गेले नाही, आणि आता तू देशाच्या दुसऱ्या टोकाला, फोर्ट मॅकमरीच्या खाणीत घराएवढे ट्रक चालवत असताना मी पाने भरायला बसले आहे. मी शाळेच्या पुस्तकासारखे बोलते म्हणून तू मला 'बाई' म्हणत असस. हे पत्र वाचताना पुन्हा तसेच हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच.

रविवारी तू फोनवर जे काम सांगितलेस, ते मी केलेले नाही. तू म्हणालास, "रोवीना, पडवीतल्या खेळांच्या सगळ्या डिस्क आणि माझं जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र खोक्यात भर, शुक्रवारच्या बोटीने शहरातल्या दुकानात पाठवून दे. ते बदल्यात नवं यंत्र बुक करून देतायत. एकदा का नवं बाजारात आलं, की जुन्या डिस्कना कुत्रंसुद्धा विचारणार नाही. आणि त्याला कॅमेरा आहे गं! स्वयंपाकघरात लावला की मी इथून रोज आईला बघेन." तुझ्या आवाजात इतका आनंद होता, की मी नेहमीप्रमाणे केवळ 'बरं' म्हटले. फेरीबोटीवर काम करणाऱ्या ड्वेनने मला सफरचंदांचे रिकामे खोके आणून दिले. आज शुक्रवार आहे आणि खोके अजून रिकामेच आहे.

नव्या यंत्राविषयी मिळेल ते सारे मी वाचले. त्याने दिवसातून एकदा इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची. हजेरी चुकली तर खेळ बंद. आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा वाढला की आधी फेरीबोट थांबते आणि मग इंटरनेट जाते, हे तू विसरला नसशील. डिस्क एकदा एकाच्या नावावर चढली की दुसऱ्याच्या घरी ती चालेलच असे नाही. खालच्या धक्क्यावर परवा यावरच वाद चालला होता. फज कुटुंबातला कोडी म्हणत होता, "म्हणजे माझीच डिस्क, आणि ती केल्सीला द्यायला मी कंपनीला विचारू?" त्यावर त्याची जुळी बहीण केल्सी म्हणाली, "तू तशीही देत नाहीसच. कंपनी आणि तू, दोघं एकाच बोटीतले." सगळे हसले. मला मात्र तुमच्या पडवीतला पावाचा पत्र्याचा डबा आठवत होता.

त्या डब्याचा नियम कुणी केला, ते तुला आठवते का? लाकडे आणायचे काम तुझे होते, आणि तुझ्या आळसाला सीमा नव्हती. एका हिवाळ्यात तू डब्यावर पाटी लावलीस : जो डिस्क नेईल, त्याने शेडमधून कवेत मावतील तेवढी लाकडं आत आणावीत, जो परत करेल, त्यानेही. व्हायोलामावशी तुझ्यावर ओरडली होती, "लाज नाही वाटत? गावाच्या पोरांना राबवतोस!" आणि तू स्वयंपाकघरातल्या पलंगावर आडवा पडून म्हणालास, "आई, ह्याला व्यवस्थापन म्हणतात." त्या दिवशीही मी लाकडे घेऊन दारात उभी होते. तू पाय उचलून मला चुलीकडे जायला वाट करून दिलीस. एवढेच, पण ते मला अजून लख्ख दिसते.

पाटीवरची अक्षरे आता उडाली आहेत. नियम मात्र चालू आहे. तू गेलास, मग स्ट्रिकलंड कुटुंब गेले, मग शाळेचे वरचे वर्ग रिकामे झाले. तरीही जी काही मुले उरली आहेत ती न सांगता शेडकडे वळतात. कुणी दार वाजवत नाही, ते परक्यांचे काम. थेट आत येतात, लाकडे चुलीजवळ टाकतात, डबा उघडतात आणि भांडतात. मावशी काकवीचा पाव कापते, डबाबंद दूध घालून चहा करते आणि प्रत्येकाला विचारते, "ह्या खेळात कोण मेलं रे आज?" कोडीला ती लोणी लागलेले हात धुतल्याशिवाय डिस्कला शिवू देत नाही. सगळे गेले की ती चुलीचे झाकण उचलून आत पाहते आणि बराच वेळ तशीच उभी राहते. ते मी पाहते, कारण मी नेहमी सर्वांच्या शेवटी निघते.

कॅमेऱ्याचे मी तिला सांगितले. तुझा निरोप म्हणून सांगितले, माझे मत त्यात मिसळले नाही. ती विणकाम थांबवून म्हणाली, "डोळा आहे म्हणे त्याला. मिटतो का गं तो?" मी म्हटले, मिटता येतो असे कंपनी सांगते, परंतु हाक मारल्याबरोबर यंत्राला जागे व्हायचे असते, म्हणून त्याचे कान उघडेच राहतात. "म्हणजे आमच्या ग्लॅडिससारखं," मावशी म्हणाली, "झोपेचं सोंग घ्यायचं आणि कान शेजारच्या घरात." नंतर मात्र ती हसली नाही. "त्याला मला बघायचंय ना, मग यावं की दारातून. सगळं गाव येतं. कोण आलंय ते मलाही दिसतं. हा तिकडे बसून मला बघणार, आणि मला तो दिसायचा नाही? ही कुठली रीत? पाद्रीसुद्धा बिचारा दार वाजवतो."

तिने हे रागाने म्हटले, असे तुला वाटेल. तो राग नव्हता, ती भीती होती. आणि त्या भीतीचे कारण सांगायचे नाही, असे तिने माझ्याकडून वदवून घेतले आहे. "त्याला बोललीस तर तुझा चहा बंद, पोरी," असे ती म्हणाली. त्या घराचा चहा बंद होणे म्हणजे काय, हे मला फार चांगले समजते. तरीही सांगते.

फेब्रुवारीत गावात ताप आला होता. जुळी अंथरुणात, मीही अंथरुणात. काही दिवस डिस्कसाठी कुणीच फिरकले नाही. चूल विझायला आली तेव्हा मावशी स्वतः शेडकडे गेली आणि बर्फावर घसरून पडली. ड्वेनने तिला उचलून आत आणले. बोटीने येणाऱ्या नर्सने हाड मोडलेले नाही असे सांगितले, परंतु त्या दिवसापासून ती जिना चढलेली नाही. ज्या पलंगावर आडवा पडून तू व्यवस्थापन करत होतास, त्याच स्वयंपाकघरातल्या पलंगावर ती झोपते. रविवारी तुझा फोन आला की ती खुर्ची जिन्याजवळ ओढून घेते आणि म्हणते, "वर बसलेय रे, विणतेय. इथून समुद्र छान दिसतो." तिथून केवळ कोटांची खुंटी दिसते. तुझ्या यंत्राच्या डोळ्याला पहिल्याच दिवशी तो पलंग दिसेल. मग तू काळजीने तिला शहरातल्या वृद्धाश्रमात हलवशील, अशी तिची खात्री आहे. "तिथे सगळे दार वाजवून आत येतात म्हणे," ती मला म्हणाली. याहून वाईट जागेची तिला कल्पनाच करता येत नाही.

म्हणून खोके रिकामे आहे, क्लेटन. त्या डिस्क गेल्या, तर मुलांना पडवीत यायला निमित्त उरणार नाही. नव्या यंत्राच्या डिस्क ज्याच्या त्याच्या घरी राहतील. तू तिला रोज पाहशील, यात शंका नाही. परंतु तिकडून तुला एकही लाकूड आत आणता येणार नाही.

आणखी एक बातमी आहे. मला सेंट जॉन्सच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीही मिळाली. मावशीने हे ऐकून मला घट्ट धरले आणि मग पाठ फिरवून उगीचच ओटा पुसत राहिली. सप्टेंबरच्या पहिल्या बोटीने मी जाईन. रोज दोनदा पडवीत येणारी मी एकटीच आहे. एकदा डिस्क नेण्यासाठी, एकदा परत करण्यासाठी. तू इथे होतास तेव्हा विचारत असस, "काय बाई, कसा वाटला खेळ?" मी 'छान' म्हणत असे आणि तू पुढचा काढून देत असस. आज सांगून टाकते. आमच्या घरी ते यंत्र कधीच नव्हते. मी एकही खेळ खेळलेली नाही. आधी तुझ्यासाठी येत होते, आणि तू गेल्यावर येणे थांबवता आले नाही. माझ्या वाट्याची लाकडे सप्टेंबरनंतर कोण आणणार, एवढेच विचारण्यासाठी हे पत्र लिहिले आहे. तुला जमेल तर त्याआधी ये. पलंगाला खाली एक नीट जागा करून दे, आणि येताना तिथल्या दुकानातून जुन्या, वापरलेल्या, कुणाच्याच नावावर नसलेल्या डिस्क आण. डब्यात अजून जागा आहे. आणि आलास की दार वाजवू नकोस.

तुझीच,
रोवीना डर्नफर्ड

शुक्रवार, १४ जून २०१३, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. बोट सुटण्यापूर्वी ड्वेनच्या हाती दिले.