दोन तागे एकमेकांवर

प्रिय आई, लीड्सहून तुझ्या धम्मदिनाचा जय भीम.

मी बरी आहे. थंडी खूप आहे, पण इथे भाकरीचं पीठ मिळतं. धाकट्या नागसेनचा खोकला थांबला का?

आई, माझी एक चूक झाली. अर्धांगाच्या पेशंटवरच्या माझ्या अभ्यासात मेंदूच्या डाव्या भागाचा आठवणीशी संबंध पक्का दिसला, उजव्याचा दिसला नाही. बाबांचा झटका मेंदूच्या उजव्या भागातला. म्हणून मी फोनवर ठासून सांगितलं, त्यांना सगळं आठवेल, तू रोज विचारत राहा, ‘मी कोण?’

पण डाव्याचा आणि उजव्याचा, ते दोन आकडे मी एकमेकांशी ताडलेच नव्हते. काल ताडले. पेशंट इतके थोडे, की दोन्ही भागांत फरक आहे असं म्हणताच येत नाही.

बाबा नारपोलीच्या लूम कारखान्यात तीस वर्षं कापड तपासायचे. दोन लूमचं कापड वेगळं आहे म्हणण्याआधी दोन्ही तागे एकमेकांवर अंथरायचे. मला शेजारी उभं करून शिकवलेलं त्यांनी.

छापलेला शोधनिबंध मी मागे घेतेय. तुला सांगितलेलं कसं मागे घेऊ?

आता त्यांना विचारू नकोस. सकाळी चहा देताना तूच सांगत जा, ‘मी शेवंता.’

तुझी,
धम्मदिना