तेलाच्या जहाजावरचे अण्णा

अण्णा, आज उमरीच्या शाळेच्या हेडमास्तरांनी पाटीचा मजकूर पाठवलाय आणि सकाळपासून माझं डोकं उठलंय. नव्या सभागृहाला तुमचं नाव देतायत. खाली लिहिलंय, 'युद्धनौकेवरील शूर तोफची'. मी नांदेडहून फोन केला. म्हटलं, सर, ते तोफेवर नव्हते. भरसमुद्रात युद्धनौकांना पाईप जोडून डिझेल, पाणी आणि शिवाय धान्य पोचवणाऱ्या जहाजावर होते. तर म्हणाले, "ताई, अख्ख्या उमरीला तोफ माहीत हाय. आता पाईप म्हणल्यावर पोरं हसतेत की." संध्याकाळपर्यंत कळवायचंय, मग दगड कोरायला जाणार.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि हे निस्तरायचं मी. हॉटेलात कुणी विचारायचं, "काय फौजी, किती जहाजं बुडवली?" तुम्ही बशीतला चहा फुंकत नुसते हसायचात. घरात मात्र सगळं खरं खरं. शाळेआधीचे आकडे मी तुमच्याकडेच शिकले, अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर. तिला तुम्ही ठरावीक अंतरावर रंगीत चिंध्या बांधल्या होत्या. दोन जहाजं शेजारी-शेजारी धावताना मध्ये अशीच दोरी ताणतात, तिच्यावरून अंतर कळतं, आणि ती दोरी तुम्ही धरायचात. आई ओरडतेय, "आवो, लुगडं कुठं वाळू घालू, समुद्रात?" आणि मी घाईत एक चिंधी गाळते. तुम्ही आवाज चढवत नाही. "एक चुकली तर जहाजाला जहाज घासतंय, बाई. परत मोज." रडत रडत सात वेळा मोजलं. अजूनही कुलूप लावून मी तीनदा ओढून बघते, ती तुमचीच कृपा.

आणि असला काटेकोर माणूस तोफेबद्दल जन्मभर गप्प! "तेलाच्या जहाजानं दिशा बदलायची न्हाई, वेग बदलायचा न्हाई, शेजारच्यानं जुळवून घ्यायचं," म्हणायचात. तसेच वागलात. चीड येते, अण्णा.

पण चीड कुणाची, तेही लिहायला हवं. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी वडिलांबद्दल विचारलं. माझ्या आधीच्या पोरीचे वडील पोलीस निघाले. दोरी धरायचे, असं माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, तोफ चालवायचे. शाळा सुटल्यावर तुम्ही न्यायला आलात. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्ही तोफेवर होता म्हणे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हाव."

त्यानंतर तुम्ही दिशा बदलली नाहीत.

पाटी मी दुरुस्त करून पाठवली, 'युद्धनौकांना समुद्रात इंधन-अन्न पोचवणाऱ्या जहाजावर दोरी धरणारे'. हे पत्र आता त्या दोरीच्या गुंडाळीत ठेवीन, आईनं ती टाकलेली नाही. हेडमास्तरांचा लगेच फोन आला होता. "बरं ताई, तुम्ही म्हणता तसं. पण मग तोफेचं उठवलं कुणी?"

मी म्हटलं, काय माहीत, सर.