सारांशातली चुकलेली ओळ

बाबा, परवा ठाण्यात दोनशे माणसांसमोर मी तुमचे ते चार दिवस सांगून टाकले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आता तुम्ही रागावलात तरी मला कळायचं नाही. तरीही सांगण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे घरी येताना रिक्षात सारखं मनात येत होतं. आज रविवार आहे. डोंबिवलीच्या आपल्या त्याच घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. आई बाहेर मेथी निवडतेय. मी ऑफिसचं काहीतरी करतेय असं तिला वाटतंय.

तुम्हाला आमच्या या परिषदांचं फार अप्रूप होतं. दारू आणि बाकीच्या नशांवर काम करणारे डॉक्टर, संशोधक, वस्त्यांमध्ये फिरणारे कार्यकर्ते दोन दिवस एका हॉलमध्ये जमतात, आपापला अभ्यास मांडतात, भांडतात, जेवतात. मी पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दारूवर बोलायला एवढी माणसं जमतात आणि नुसता चहा पिऊन घरी जातात? हे आमच्या वेळी असतं तर बरं झालं असतं."

तुमच्या वेळी म्हणजे कल्याण पूर्वेची चाळ. तुम्ही ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळच्या छापखान्यात प्रूफ रीडर. पुस्तकाचं असो नाहीतर लग्नपत्रिकेचं, तुमच्या हातून गेलेल्या पानात चूक सापडत नसे, आणि संध्याकाळी घरी येताना मात्र तुम्हाला दोन जण धरून आणायचे. नवरात्रात नाक्यावर रोषणाई असायची आणि तुमच्याकडे जाहिरातींचं काम वाढलेलं. त्या नऊ दिवसांत तुम्ही चपला घालून आलात की नाही हे बघायचं काम माझं असायचं. पण रविवारी सकाळी तुम्ही अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आम्हाला विहारात न्यायचात. पंचशील म्हणताना पहिली चार शीलं खणखणीत आवाजात, आणि पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं, आलं की तुमचे ओठ मिटलेले. मी शेजारी बसून तिरक्या डोळ्यांनी बघायचे. खोटं बोलायला नको म्हणून गप्प राहणारा पिणारा माणूस, नंतर मी एवढ्या मुलाखती घेतल्या बाबा, दुसरा मला भेटला नाही.

मी दहावीत असताना तुम्ही दवाखान्यात एकवीस दिवस राहून आलात. मग दर गुरुवारी ठाकुर्लीच्या शाळेत, एका रिकाम्या वर्गात तुमच्यासारख्यांची बैठक भरायची, तिथे जायला लागलात. एका रविवारी तुम्ही पाचवं शीलही म्हटलंत. आवाज चिरकला. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. त्यानंतर आपण डोंबिवलीला आलो, मी समाजकार्याची पदवी घेतली आणि फिरून फिरून याच कामात पडले.

मुलाखत घ्यायला मला कॉलेजने शिकवलं म्हणतात, पण शिकवलं तुम्ही. तुम्ही मटार सोलत बसायचात आणि मी समोर फॉर्म घेऊन. मी विचारलं, "आपण आठवड्यातून किती वेळा मद्यपान करता?" तर तुम्ही शेंग खाली ठेवून म्हणालात, "अगं, हजेरी घेतेयस का? असं विचारलंस तर मी खोटंच सांगणार. शेवटची कधी घेतली आणि तेव्हा बरोबर कोण होतं ते विचार. माणसाला माणूस आठवतो, वेळा नाही आठवत." आणि मी फॉर्मवर संमतीची सही न घेताच पुढे निघाले म्हणून झापलंत. "आधी समोरच्याला विचारायचं, तुझं लिहू का म्हणून. तो हो म्हणाला तरच पेन उघडायचं."

हे मला माहीत होतं आणि तरीही मी तुमचं लिहिलं. एकोणतीस वर्षांची होते, पहिल्यांदाच परिषदेत बोलणार होते. विषय होता, बरीच वर्षं न पिता राहिलेली माणसं. त्यात एक जण होता, छापखान्यात नोकरी करणारा, सत्तावन्न वर्षांचा. तुम्ही माझी साडी इस्त्री केलीत, ठाण्याला जाऊन नवी कापडी फाइल आणलीत आणि सहज विचारावं तसं विचारलंत, "मागे बसून ऐकता येतं का गं?" मी म्हटलं, "बाहेरच्यांना आत सोडत नाहीत." सोडत होते, बाबा. माझ्या शेजारच्या मुलीचे आईवडील दोघंही आले होते.

तुम्ही "बरं" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर तुम्ही याच टेबलावर परिषदेची पुस्तिका उघडून बसलेले. सगळ्यांच्या भाषणांचे सारांश छापलेले असतात, त्यात माझा होता. हातात लाल पेन. दोन ठिकाणी वेलांट्या सुधारल्या होत्या. आणि 'तेरा वर्षांत एकदाही मद्य न घेता' या ओळीखाली बारीक रेघ.

"ही ओळ चुकलीय," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "काय चुकलंय?"

"हा मीच ना?"

सही का घेतली नाहीस असं तुम्ही विचाराल म्हणून मी वाट बघत होते. ते तुम्ही विचारलंच नाहीत. आई दूध आणायला गेली होती, तेवढ्या वेळात तुम्ही सांगितलंत. मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा छापखान्याने शीळफाट्याला गोडाऊन घेतलं होतं आणि तिथे पुस्तकांचे गठ्ठे तपासायला तुम्हाला पाठवलं होतं. तिथल्या एकाने दुपारी बाटली काढली. तुम्ही घेतलीत. "दुःख नव्हतं, आनंद नव्हता, काही नव्हतं. दुपार होती," तुम्ही म्हणालात. "चार दिवस घेतली. मग बंद. पण गुरुवारी बैठकीत उभं राहून सांगितलं नाही. दर वर्षी ते माझ्यासाठी टाळ्या वाजवतात आणि मी त्या घेतो."

मग पुस्तिका माझ्याकडे सरकवत म्हणालात, "आईला सांगू नकोस. पण छापलेलं दुरुस्त कर. हे वाचून कुणाला तरी वाटेल, एकदा घेतली की सगळं गेलं."

मी म्हटलं, "करते." केलं नाही. तोच अभ्यास पुढे एका नियतकालिकात छापून आला, त्यावर मला नोकरी लागली, आणि तुमची ती ओळ इतरांच्या अभ्यासांतून फिरायला लागली. तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. दोन वर्षांनी तुमचं हृदय थकलं, तेव्हा हॉस्पिटलात मी तुमची उशी नीट करत होते आणि तुम्ही एवढंच विचारलंत, "ती ओळ?" मी म्हटलं, "झाली दुरुस्त." तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटून घेतलेत. चौथ्या दिवशी गेलात.

आता परवाचं. त्या सत्राची अध्यक्ष मी होते. एक हुशार, चुणचुणीत मुलगी बोलत होती, जेमतेम तेव्हाच्या माझ्या वयाची. तिने पडद्यावर तुमची ओळ दाखवली. "असंही शक्य असतं," ती म्हणाली, "तेरा वर्षांत एकदाही नाही." प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. साधा चौकटीचा शर्ट, हातात माइक धरायची सवय नाही. म्हणाले, "मी दारू सोडलेल्या लोकांपैकी आहे. सात वर्षं नाही घेतली. या मे महिन्यात भावाच्या घरी दोन दिवस घेतली. मग परत सोडली. तर मॅडम, तुमच्या त्या पडद्यावर मी कुठे बसतो? माझी सात वर्षं गेली का?"

त्या मुलीने पुस्तकी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी माइक ओढून घेतला. मी म्हटलं, "ही ओळ माझी आहे आणि ती चुकीची आहे. तो माणूस माझे वडील. त्यांना विचारल्याशिवाय मी त्यांचं लिहिलं. मध्ये त्यांनी चार दिवस घेतली होती. त्यांनी मला ते सांगितलं, दुरुस्त कर म्हणाले, मी केलं नाही. ते चार दिवस धरूनही माझे वडील दारू सोडलेलेच होते. तुमची सात वर्षं कुठेही गेलेली नाहीत."

मग एक ज्येष्ठ डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला नियतकालिकाकडे शुद्धिपत्र पाठवावं लागेल, हे तुम्हाला माहीत आहे ना?" मी हो म्हटलं. पाठवलंय, कालच. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. ऑफिसात उद्याच बोलावलंय.

चहाच्या वेळी ते चौकटीच्या शर्टवाले माझ्याजवळ आले. कप हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या वडिलांनी चार दिवसांनी थांबवली कशी? मला अजून रोज दुपारी त्रास होतो."

बाबा, मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. रोज लोकांना प्रश्न विचारायचा पगार घेते, आणि तेवढा एक प्रश्न त्या सकाळी मला सुचला नाही. मी त्यांचा हात धरला, त्यांचा फोन नंबर घेतला, ठाकुर्लीच्या बैठकीचा पत्ता दिला. अजून भरते ती.

काल संध्याकाळी, शुद्धिपत्र पाठवून झाल्यावर, आईला सगळं सांगितलं. तुमचा शब्द मोडला. तिने टीव्हीचा आवाज बंद केला, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चार नाही. सहा."

"तुला माहीत होतं?"

"अगं, नवऱ्याचं मला कळणार नाही? घरी आल्यावर जेवताना समोर बसायचे नाहीत, ताट घेऊन गॅलरीत. सहाव्या दिवशी डबा मुद्दाम घरी ठेवून गेले. मी तो घेतला, बस पकडली आणि शीळफाट्याला गेले. गोडाऊनमध्ये मी त्यांच्यासमोर गठ्ठ्यावर बसले. म्हटलं, डबा विसरलात, जेवा, मी थांबते. भेंडीची भाजी होती. शेवटच्या घासापर्यंत समोरून उठले नाही. तो दुसरा माणूस दोनदा डोकावून गेला. मग आम्ही दोघं एकाच बसने परत आलो. रस्त्यात मी फक्त एवढंच विचारलं, उद्याही डबा घेऊन येऊ का? म्हणाले, नको, नेतो मी."

"आणि त्यांना कळलं नाही, तुला कळलंय ते?"

"नाही कळलं. मी कळू दिलं नाही," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला.

उद्या मी त्या गृहस्थांना फोन करून हे सांगणार आहे. आईला विचारलंय, ती हो म्हणाली. शुद्धिपत्रात मात्र चारच गेलेत, आणि आता पुन्हा दुरुस्ती पाठवायची का ते मला ठरवता येत नाहीये. हे पत्र मी घडी करून कुठे ठेवायचं तेही ठरलेलं नाही. पण एक सांगून टाकते. ते सहा ऐकल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. इतकी वर्षं मी एकटीच या घरातली खोटारडी आहे असं वाटायचं. तुम्हीही मला दोन दिवस कमी करून सांगितलेत, बाबा, आणि ते कळल्यावर मला फार बरं वाटलं.