सहा शिसपेन्सिली आणि माझं तोंड

नांदूरघाट, सोमवार

तीर्थरूप वैष्णवीताईस धाकट्या अंगदचा वाकून नमस्कार. तुझी प्रयोगशाळा, तिथले जंतू आणि तू स्वतः, अशी क्रमाने सगळ्यांची खुशाली कळव. इकडे सगळं बरं आहे, माझं तोंड सोडून. (फोनच केला असता, पण आई शेजारी बसून स्पीकर लावायला सांगते.)

दिवाळीत तू सांगितलंस, ग्राफीन म्हणजे शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटचाच अतिपातळ पापुद्रा, आणि त्याच्या कडांनी मुरुमांच्या जंतूंचं वेष्टन फाटतं. हे अजून काचेच्या बशीतच जमलंय, माणसाच्या तोंडावर नाही, असंही तू म्हणालीस म्हणे. पण तेव्हा मी करंजी आणायला उठलो होतो. आता माझी अडचण ऐक. बायोडेट्यावरचा माझा फोटो चौसाळ्याच्या स्टुडिओवाल्याने इतका घासूनपुसून दिला, की मुरूम तर गेलेच, नाकही निम्मंच उरलं. तो बघून सिरसाळ्याच्या मोहिनीच्या घरच्यांनी रविवारी मुलगी बघायला बोलावलं. मुलगी मला बायोडेट्यावरूनच मनापासून आवडली होती, पण फोटोतलं तोंड आणायचं कुठून? म्हणून रविवारी पहाटेच सहा पेन्सिली सोलल्या, शिसं खलबत्त्यात कुटलं, साजूक तुपात कालवलं आणि दोन तास फासून बसलो.

तोंड तव्यासारखं चमकायला लागलं. अण्णांनी एवढंच विचारलं, "तोंडाला ग्रीस कामून लावलंस रं?" अंगाचा साबण झाला, भांड्यांचा झाला, शेवटी कपड्यांचा झाला. छिद्रांत बसलेलं काळं काही निघेना. मुरूम मात्र लालबुंद होऊन एकेक मोजता येईल असा दिसू लागला. खरं सांगतो ताई, रडू आलं. तसाच गेलो.

मोहिनी पोहे घेऊन आली, तर मला वाटलं ही दुसरीच कुणी. (तिच्या गालांवर माझ्यापेक्षा चार जास्तच.) तीही माझ्याकडे बघतच राहिली. आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा तिचा पहिलाच प्रश्न, "तुमी बी चौसाळ्यालाच फोटो काढला का?" मी हो म्हणालो आणि पेन्सिलींचंही सगळं सांगून टाकलं. ती एवढी हसली की खालून तिची आई बघायला आली.

लिहिण्यासारखं बरंच आहे, पण गाल झोंबतोय.

तुझा,
अंगद

ता. क. तुमचं ते ग्राफीनचं मलम कधी निघालंच तर एक नको, दोन पाठव.

आणखी ता. क. आत्ताच होकार आला. मोहिनीची एकच अट आहे, लग्नाच्या अल्बममध्ये आमची हीच तोंडं पाहिजेत. आणि आईने होकाराची वाट न बघता सकाळीच त्या चौसाळ्याच्या स्टुडिओवाल्याला लग्नाच्या फोटोंचं सांगून ठेवलंय. आई फक्त तुझं ऐकते. पत्र मिळताच तिला फोन कर. स्पीकर ती लावीलच, मी शेजारी बसून असेन.