चौसष्टपट लहान रेल्वे आणि लाखनीचं घर

मी, आनंदराव डोमाजी बांते, वय चौऱ्याहत्तर, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा, मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेला ड्राफ्ट्समन, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकात किंवा चहापाण्याच्या उपकारात नसताना, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लाखनीचं मत वेगळं आहे, पण लाखनीला शिक्का मारायचा अधिकार नाही.

घाई का, तेही नोंदवतो. चिरंजीव कमलेश, राहणार नागपूर, यांनी मागच्या दिवाळीत आमच्या घराची मापं घेतली. हायवेला लागलेलं हे घर पाडून दुकानांचे गाळे काढायचे आणि आईला नागपूरच्या फ्लॅटवर न्यायचं, असा त्यांचा प्रेमळ बेत आहे. माझं काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही. तोवर मी आटोपलेला असेन असा हिशेब असावा. माझी पत्नी पार्वताबाई हिला नागपूर नको आहे. "मले नाही जाचं. तिथं लोकं दरवाजे लावून बसतेत," एवढं ती बोलली. कमलेशने ते ऐकलं आणि पुढची भिंत मोजायला घेतली.

कलम एक. समोरच्या खोलीतली रेल्वे. नाकाडोंगरीकडच्या खाणीवर असताना आमच्या साहेबांनी बदलीच्या वेळी एक पेटी माझ्या गळ्यात मारली. तिच्यात विलायती रेल्वेचे फार जुने, न जोडलेले संच होते. खोक्यावर देखण्या मालडब्याचं चित्र. आत लाकडाच्या पट्ट्या, ओबडधोबड ओतीव चाकं, छापील कागद आणि शुभेच्छा. कापा, घासा, चिकटवा, मग कुठे डबा होतो. त्यात हे माप खऱ्या गाडीच्या चौसष्टपट लहान. जगातले बहुतेक शौकीन सत्त्याऐंशीपट लहान करतात, म्हणून त्यांना सगळं बाजारात मिळतं. मला फलाटावरचं बाकडंसुद्धा स्वतः करावं लागलं. यातून मी तुमसर रोड स्टेशन, एक मालगाडी आणि वाफेचं इंजिन उभं केलं. एवढा आनंद मला दुसऱ्या कशानं दिला नाही, आणि हे वाक्य पार्वताबाईने वाचलं तरी मी ते खोडणार नाही.

कलम दोन. माझे मेहुणे भय्याजी यांस स्टीलचा डबा. हा डबा आमच्या घरात कसा आला, हे पुढच्या पिढ्यांना कळलं पाहिजे. मुलगी गुड्डी लहान असताना तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात त्या दिवशी, तिच्या नंदीचा पाय मोडला. मी घरी नव्हतो. भय्याजींनी प्रसंगावधान राखून माझं इंजिन उचललं, त्याला बेगड चिकटवली, गळ्यात घुंगरू बांधले, कपाळ नसताना कपाळावर कुंकू लावलं आणि पोरीच्या हाती दोरी देऊन मारुतीच्या देवळापर्यंत मातीतून ओढायला लावलं. चाकं जोडणारे दांडे वाटेतच गेले. मी विचारलं तर म्हणाले, "भाऊजी, नंदीलेबी चाकं हायेत, यालेबी चाकं हायेत. फरक का हाये?" देवळासमोरच्या नंदी-स्पर्धेच्या पंचांनाही फरक दिसला नाही. पहिलं बक्षीस दिलं. तोच हा डबा. भय्याजींनी त्यात पोहे ठेवावेत आणि खाताना माझी आठवण काढावी.

कलम तीन. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी. शिवाय कमलेश यांना, त्यांनीच माझ्या पंच्याहत्तरीच्या आगाऊ शुभेच्छा म्हणून आणलेलं महागडं इंजिन परत. ते सत्त्याऐंशीच्या मापाचं, म्हणजे माझ्या गाडीहून बारकं निघालं. माझ्या रुळांवर ठेवलं तर दोन रुळांच्या मध्ये जाऊन पडलं. सोबत आणलेला स्टेशनमास्तर माझ्या फलाटावर दहावी नापास पोरासारखा दिसतो. चिरंजीवांना मापं घेता येतात, फक्त कशाची घ्यायची ते कळत नाही.

कलम चार. गुड्डीला माझ्या कानशी, करवत, डाग द्यायचा कैय्या आणि पेटीतला शेवटचा, मी कधीच न उघडलेला संच. तो संपला तर मग काय करायचं, या भीतीने मी तो ठेवून दिला. तिने ठेवू नये. बिघडला तरी चालेल. फक्त भय्याजींना मदतीला बोलावू नये.

कलम पाच. घर. मूळ मसुद्यात मी अशी अट घातली होती की या घरात रोज एकदा गाडी चाललीच पाहिजे आणि ती पार्वताबाईनेच चालवावी. तसं होत असेपर्यंत भिंतीला कोणी हात लावू नये. माझे वकील भूपेंद्र टेंभरे यांना अट फार आवडली. मलाही आवडली. मग ती मोठ्याने वाचली आणि लाज वाटली. कमलेश तिला फ्लॅटमध्ये कोंडणार होता, मी तिला रुळांशी बांधत होतो. दोघांनीही तिला विचारलं नव्हतं.

म्हणून ती अट रद्द. हे घर, अंगण आणि मागची विहीर मी पार्वताबाईला पूर्ण मालकीने, कोणतीही अट न ठेवता देतो. ते विकावं, राखावं, कोणाला ठेवून घ्यावं, कोणाला बाहेर काढावं, सर्व अधिकार तिचे. रेल्वेही तिचीच. नको असेल तर उपटून टाकावी आणि त्या खोलीत धानाची पोती रचावीत.

हे कलम मी तिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. तिने उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहितो: "घर माह्या नावानं केलं, बरं केलं. मी कुठीच जात नाही. पण गाडी मी नाही चालवत. ते काम तुमचं हाये, तुम्हीच करा. मरून जाईन म्हणून कागद लिहिला तर का सुट्टी भेटली का तुमाले?"

वकिलांनी हे कलम सहा म्हणून नोंदवायला सांगितलं.

ठिकाण: लाखनी. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४.

लिहून ठेवणार: आनंदराव डोमाजी बांते (सही)

आमच्या समोर सही केली, आणि सही झाल्याबरोबर गाडी चालवायला उठून गेले, म्हणून साक्ष:
१. भूपेंद्र टेंभरे, वकील (सही)
२. सत्यवती गजभिये, शेजारी (सही)