तपासणाऱ्याची सही

प्रिय खटपट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र निदान दोन दिवस फ्रिजवर ठेवून देशील, याची मला खात्री आहे. तिसऱ्या दिवशी तुझी बायको म्हणेल, उघडा की आता, बॉम्ब थोडाच आहे त्यात. तिला माझे आशीर्वाद सांग. फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू 'बोला मॅडम' म्हणतोस, आणि ते ऐकलं की मी काय सांगायला फोन केला होता तेच विसरते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, एवढा फायदा आहे.

निवृत्तीनंतर मी काय करते ते तुला कुणीतरी सांगितलं असेलच. मी विमानांच्या संग्रहालयात जाते. आठवड्यातले पाच दिवस, डबा घेऊन. जावई याला आईंचा छंद म्हणतात. त्रेसष्टाव्या वर्षी तोंडात बॅटरी धरून विमानाच्या पोटात उलटं लटकायचं आणि गंजलेला एक नट सोडवायला अख्खी सकाळ घालवायची, याला छंद म्हणत असतील तर म्हणोत. संग्रहालय म्हणजे एक जुनं गोदाम आहे. चार विमानं आहेत. त्यांतली दोन पूर्ण, एक अर्धं, आणि चौथ्याचं फक्त शेपूट. पाटी मात्र चारही विमानांना पुरून उरेल एवढी मोठी आहे.

संचालक भला माणूस आहे, पण याआधी ते चिनीमातीच्या भांड्यांचं संग्रहालय सांभाळायचे. वस्तू पुसलेली दिसली आणि तिला कुणी हात लावला नाही, की ती जतन झाली, असं त्यांचं शास्त्र. एकेक बोल्ट ढिला होऊ नये म्हणून मी त्याला तार बांधत बसते तेव्हा ते मागे उभे राहून हळूच विचारतात, "मॅडम, पण हे काय उडणार आहे?" हेच वाक्य मला रंगारी, वीजवाला, तिकीट देणारी मुलगी आणि तुझे मेहुणे, सगळ्यांनी ऐकवलंय. शेवटी मी भिंतीवर कागदच चिकटवला, की या खोलीत हा प्रश्न विचारायला बंदी आहे. विमान उडो न उडो, ते उद्या उडणार आहे असं समजूनच त्याला हात लावायचा, हे तुला सांगायची गरज नाही. बाकीच्या जगाला सांगून माझा घसा बसला.

एक अडचण होती. आपल्या विमानदुरुस्तीच्या धंद्यात एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, दोघांच्या दोन सह्या. इथे मी एकटीच. मग मी एक युक्ती काढली. संध्याकाळी काम करून सही करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या नजरेने तेच काम तपासून दुसरी सही करायची. काम करताना एक चष्मा, तपासताना दुसरा. पेनसुद्धा वेगळं. हसू नकोस. मला ते अगदी पटलं होतं. सकाळची मी संध्याकाळच्या माझ्याशी चांगली कडक वागत होते आणि एकदा तर मी मला एक वॉशर बदलायला लावला.

कुठलं विमान ते तू अजून ओळखलं नसशील तर सांगते. इंजिनाच्या झाकणावर डाव्या बाजूला वाटीएवढा पोचा आहे. तुझ्या हातून शिडी पडली होती आणि तू दोष वाऱ्याला दिला होतास, हँगरचं दार बंद असताना. होय, आपली म्हातारीच. आपण दोघं नोकरीला होतो ती उड्डाणशाळा बंद झाली तेव्हा तिला इथे आणून टाकलं. पंखात चिमण्यांचं घरटं होतं आणि सीटखाली कुणाचा तरी मोजा. दीड वर्ष लागलं तिला माणसात आणायला. आता ती अशी दिसते की तू असतास तर तिच्याभोवती दोन चकरा मारून खिशात हात घालून उभा राहिला असतास.

तिच्यासोबत तिचं लॉगबुकही आलं, सगळ्या दुरुस्त्यांच्या नोंदींचं. ते संचालकांना फार आवडलं, कारण ते काचेखाली ठेवता येतं. म्हातारीच्या उद्घाटनाला कुठलं पान उघडं ठेवायचं ते त्यांनी स्वतः निवडलं आणि कौतुकाने मला दाखवायला आणलं. म्हणाले, हे कसं उठून दिसतं बघा, लाल शाई आहे. मी पाहिलं तर माझंच अक्षर. बावीस वर्षांपूर्वीचं. तुझं पूर्ण नाव आणि पुढे, 'फळ्यांच्या तारा उलट जोडल्या. सही नाकारली.' नाकारलीच्या खाली दोन रेघा. एक पुरली नसती का, असं आता वाटतं. हे पान नको, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी काहीतरी कागद पिवळा पडण्याबद्दल बोलले. ते म्हणाले, पिवळाच तर छान दिसतो.

आता बाईंबद्दल. आमच्याकडे झाडूपोछा करायला एक बाई येतात. त्या विमानंही पुसतात. ओली फडकी उजव्या पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीवर वाळत घालतात, मग डावीकडून चढून सीट पुसतात, आणि पुसताना विमान वळवायचा मधला दांडा कोपराने उजवीकडे ढकलतात. परवा संचालक काही पाहुण्यांना फिरवत होते. पाहुणे जाईपर्यंत बाई खांबापाशी थांबून राहिल्या. मग मला बाजूला घेऊन, आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, शेजारच्या विमानावर फडकं राहतं, तुमच्या विमानावरून पडतं. रोज पडतं. माझं काही चुकतंय का?"

मी त्यांना म्हणणार होते, की फडकी दोरीवर वाळत घाला. तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं आणि सीटवर जाऊन बसले. दांडा उजवीकडे ढकलला. उजव्या पंखाची फळी वर उठायला हवी होती. ती खाली गेली. मी डोळे चोळले, दुसरा चष्मा लावला, पुन्हा ढकलला. पुन्हा खाली. त्याच दोन तारा, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात एकमेकींच्या जागी. वैमानिकाने उजवीकडे वळायचं म्हटलं असतं आणि म्हातारी डावीकडे कलंडली असती. आणि कामाच्या नोंदीखाली माझ्या दोन सह्या, दोन रंगांच्या. मी चष्मा काढून कपाळाला हात लावला. बाई खालून विचारत होत्या, मॅडम, पाणी आणू का?

त्या पाणी आणायला गेल्या आणि मी सीटवरच बसून राहिले. त्यांनी पाहुणे जाईपर्यंत वाट पाहिली होती. मी पाहिली नव्हती. तुझी चूक सापडली तेव्हा मी हँगरमधल्या चौदा जणांना हाका मारून गोळा केलं. तुला याच सीटवर बसवलं, दांडा हलवायला लावला आणि सगळ्यांना विचारलं, सांगा काय दिसतंय. सही केली नाही हे बरोबरच होतं. उद्या पुन्हा तशीच वेळ आली तर उद्याही करणार नाही, तू कितीही मॅडम म्हण. पण तो तमाशा कशाला? सख्ख्या भावाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगू? मला त्या दिवशी फार छान वाटत होतं. इतकी कडक आहे मी, हे सगळ्यांना दिसत होतं. महिनाभरात तू नोकरी सोडलीस. माझ्या लेकीच्या लग्नात तू पहिल्या रांगेत पाहुण्यासारखा बसलास आणि निघताना 'येतो मॅडम' म्हणालास, तेव्हा तुझे मेहुणे हसले. त्यांना वाटलं, तू गंमत करतोयस.

गेल्या वर्षी आमचं धुण्याचं यंत्र बिघडलं होतं. मला न विचारता यांनी तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला आणि तुझा कारागीर येऊन ते दुरुस्त करून गेला. यंत्राच्या मागे त्याने एक कार्ड बांधलं होतं, तारेला आपल्या पद्धतीचा पीळ देऊन. 'काम केलं', खाली त्याची सही. 'तपासलं', खाली तुझी. म्हणजे दुकानात तू ते सुटे भाग आधी स्वतः तपासून पाठवले होतेस. धुण्याचं यंत्र ते, काय उडणार होतं? ते कार्ड माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे.

तर हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. लॉगबुकात शेवटचं एक पान कोरं होतं. त्यावर मी लाल शाईने माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे, 'फळ्यांच्या तारा उलट जोडल्या. चूक सफाईच्या बाईंनी पकडली.' दोन रेघाही मारल्या. काचेखाली हेच पान उघडं राहील. लाल शाई आहे म्हटल्यावर संचालक लगेच कबूल झाले. त्याच्याखाली निळ्या शाईत, तारा पुन्हा जोडल्याची नोंद आणि माझी एक सही. एकच. तपासणाऱ्याची जागा रिकामी आहे, आणि तिथे तुझ्याशिवाय कुणाची सही मला चालणार नाही. उद्घाटन येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आहे. तू आदल्या दिवशी, शनिवारी ये, तुझी बॅटरी घेऊन. नीट तपास, मोठी बहीण म्हणून सूट देऊ नकोस. बरोबर निघालं तर सही कर आणि जाताना एकदा ताई म्हण. आणि चूक सापडली, तर संचालक, रंगारी, वीजवाला, तिकिटाची मुलगी, सगळ्यांना हाका मारून गोळा कर. सीटवर मी बसेन.

तुझीच,
ताई